वाकलेल्या पाठींचा वर्ग

बंगळुरूतल्या हेब्बाळच्या त्या सॉफ्टवेअर कंपनीत सातव्या मजल्यावर पाठ न दुखणारा माणूस शोधूनही सापडला नसता. कुणाच्या खुर्चीला उशी बांधलेली, कुणाच्या खणात मलमाची ट्यूब, आणि दुपारी चारच्या सुमाराला सगळ्या मजल्यावर दुखण्यावरच्या स्प्रेचा वास. पण तक्रार कुणी करत नसे. उलट, "मी तर सकाळपासून जागेवरून उठलेच नाही," हे वाक्य अभिमानानं सांगितलं जाई आणि कौतुकानं ऐकलं जाई.

भार्गवी सरदेशपांडे त्यात सर्वांत पुढे. मूळची पुण्याची, बारा वर्षांपूर्वी नवऱ्याबरोबर बंगळुरूला आलेली, एकेचाळीस वर्षांची, मोठ्या टीमची मॅनेजर. डाव्या पायाला मुंग्या येतात, हे तिला आठ महिन्यांपासून माहीत होतं. ती खणातून गोळी काढायची, पाण्याच्या घोटाबरोबर गिळायची आणि पुढच्या मीटिंगला बसायची.

"डॉक्टरकडे जाऊन ये ना एकदा," तिचा नवरा अभिजीत म्हणायचा.

"हा रिलीज होऊ दे. मग जाते."

एक रिलीज संपला की दुसरा यायचा.

मग एका सोमवारी सकाळी, पिण्याच्या पाण्याचा वीस लिटरचा कॅन उचलून ठेवताना कमरेत काहीतरी कडकन सरकलं. कॅन हातातून सुटला, पाणी ओट्याखाली पसरलं आणि भार्गवी त्या पाण्यातच आडवी झाली. अभिजीत आंघोळीला गेला होता. त्याला हाक ऐकू जाईपर्यंत ती ओल्या फरशीवर छताकडे बघत पडून राहिली. उठायचं म्हटलं की कमरेपासून टाचेपर्यंत आग जात होती.

मणक्यांमधली चकती सरकून नस दाबली गेली होती. ऑपरेशनची वेळ आली नव्हती, पण सहा आठवडे काम बंद, औषधं, आणि मग हळूहळू व्यायाम, असं डॉक्टरांनी बजावलं. कंपनीनं रजा दिली, टीमनं फुलं पाठवली, शेजारच्या नीलिमानं रोज डबा आणून दिला. भार्गवीला कशाची ददात पडली नाही.

दुखणं ओसरलं, पण भीती राहिली. एकदा हातातलं पेन खाली पडलं, तर ती त्याच्याकडे बघत उभी राहिली आणि रडायला लागली. वाकायची हिंमतच होईना. फिजिओथेरपीच्या बाईंनी हे ओळखलं. त्या म्हणाल्या, "स्नायू आता ठीक आहेत तुमचे. मल्लेश्वरमला भीमाचार्य म्हणून एक योगशिक्षक आहेत. वयानं पंचाहत्तरीच्या पुढचे. घाई मुळीच करत नाहीत. त्यांच्याकडे जाऊन बघा."

भीमाचार्य विजापूरकडचे. घरात कन्नड, पण आजोळ सोलापूरचं, त्यामुळे मराठी स्वच्छ. मधूनच एखादा कन्नड शब्द डोकवायचा. त्यांच्या जुन्या घराच्या पुढच्या खोलीत सतरंजी अंथरलेली असे. पहिल्या दिवशी त्यांनी तिला एकही आसन शिकवलं नाही. फक्त निजवलं आणि विचारलं, "अम्मा, श्वास कुठपर्यंत जातो?"

"छातीपर्यंत."

"सरी, ठीक आहे. आज तिथपर्यंत पुरे. उद्या स्वल्प खाली."

असं स्वल्प स्वल्प करत आठ महिने गेले. जमिनीवर बसणं, जमिनीवरून उठणं, कूस बदलणं, वाकणं. ज्या दिवशी तिनं आचार्यांच्या अंगणातल्या पारिजाताची फुलं वाकून ओंजळभर वेचली, त्या दिवशी तिनं अभिजीतला ऑफिसात फोन करून सांगितलं. तो मनापासून हसला.

आपल्याला जे मिळालं ते दुसऱ्याला द्यावं, ही इच्छा तिच्या मनात तिथंच रुजली. तिनं वर्षभर रीतसर शिक्षण घेतलं, परीक्षा दिली, आणि पुष्कळ विचार करून नोकरी सोडली. "तू आता गोळीशिवाय झोपतेस. मला आणखी काय पाहिजे?" अभिजीत म्हणाला.

हेब्बाळमधल्याच त्यांच्या अपार्टमेंटच्या क्लब हॉलमध्ये सकाळी सात वाजता तिचा वर्ग सुरू झाला. पहिल्या आठवड्यात सहा जण होते, तीन महिन्यांत वीस झाले. नीलिमा आली, सोसायटीचे सेक्रेटरी सुधींद्र राव आले. ते बँकेतून निवृत्त झालेले, गुडघे आणि पाठ दुखते म्हणून कुरकुर करणारे, पण वेळेचे पक्के. लोक म्हणायचे, "मॅडम, तुमच्यामुळे बरं वाटतं." भार्गवी समाधानी होती, आणि तिनं समाधानी असायला कुणाची हरकत नव्हती.

हॉलची साफसफाई यल्लव्वा करायची. पन्नाशीची, बारीक अंगाची. गाव अथणीजवळ, सीमेवरचं, म्हणून मराठी तिला घरच्यासारखी. वर्ग सुरू व्हायच्या आधी ती फरशी पुसून घ्यायची आणि मग कधीकधी काचेच्या दाराबाहेर फडकं हातात घेऊन बघत उभी राहायची.

एका सकाळी वर्ग संपल्यावर ती आत आली. सगळे चटया गुंडाळत होते.

"मॅडम, पाठीला कायतरी सांगा की. रातीला कूस वळाय येत न्हाई."

भार्गवी घाईत होती. ती हसून म्हणाली, "अहो यल्लव्वा, तुम्ही दिवसभर किती वाकता, किती जिने चढता! तुमचा तर आपोआपच योगा होतो. आमच्यासारख्या बसून राहणाऱ्यांना मुद्दाम करावा लागतो!"

बाकीच्या बायका हसल्या. यल्लव्वाही हसली, आणि बादली उचलून निघून गेली.

वाचकहो, त्या हॉलमध्ये त्या क्षणी कुणालाच काही वावगं वाटलं नाही. भार्गवी दुष्ट नव्हती. दिवाळीला ती यल्लव्वाला आठवणीनं साडी द्यायची. आणि हेच वाक्य आपणही कधी ना कधी बोललेलो आहोत. आपल्या घरी भांडी घासणाऱ्या बाईंना, इस्त्रीवाल्याला, हमालाला. "तुम्हाला काय, काम करून अंग कसं घट्ट!" बोलणाऱ्याला ते कौतुक वाटतं. ऐकणारा काय करणार? तो हसतो.

पंधरा दिवसांनी सोसायटीच्या ग्रुपवर सुधींद्र रावांचा निरोप आला. बी ब्लॉकचे जिने वेळेत पुसून होत नाहीत, तिथली बाई फार हळू काम करते, एजन्सीला सांगून महिनाअखेर तिला बदलत आहोत. खाली पटापट अंगठे उमटले. भार्गवीनंही उमटवला. ती बाई म्हणजे यल्लव्वा, हे तिच्या ध्यानातही आलं नाही.

त्या गुरुवारी ती मल्लेश्वरमला गेली. शिक्षिका झाल्यावरही ती दर गुरुवारी आचार्यांकडे जात असे. कॉफी पिताना वर्गाच्या गमती सांगता सांगता तिनं यल्लव्वाचीही गंमत सांगितली.

आचार्य हसले नाहीत. त्यांनी पेला खाली ठेवला.

"मग तू तिला काय शिकवलंस?"

"काही नाही, आचार्य. तिचं काम म्हणजेच..."

"अम्मा, तू दिवसाचे दहा तास बोटं चालवत होतीस. तुझ्या बोटांचा योग होत होता काय?"

भार्गवी आपल्या बोटांकडे बघू लागली.

"श्रम वेगळा आणि व्यायाम वेगळा. आसनात शिरलीस आणि दुखलं तर तू थांबतेस. तिला थांबता येतं? कधी थांबायचं ते तिची पाठ ठरवत नाही, आमची फरशी ठरवते. एकाच बाजूला वाकायचं, एकाच हातानं ओझं उचलायचं, श्वास कोंडून. वर्षानुवर्षं! त्याला योग म्हणायचं? आणि एक सांग. तुझी पाठ गेली तेव्हा तू किती दिवस निजून होतीस?"

"सहा आठवडे."

"पगार?"

"चालू होता."

"आणि ती सहा दिवस निजली तर?"

या प्रश्नाचं उत्तर भार्गवीला माहीत होतं. ग्रुपवरचा निरोप तिला एकदम आठवला. बी ब्लॉक. हळू काम करणारी बाई. तिचा चेहरा उतरला.

आचार्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "तुला रागावत नाही मी. मला तो अधिकार नाही. माझी आई एका मोठ्या घरी स्वयंपाकाची भांडी घासायची. उकिडवी बसून, पहाटेपासून. सगळे म्हणायचे, कामसू बाई, हिला औषध कसं ते ठाऊक नाही. मीही म्हणायचो. अभिमानानं! मी तेव्हा गावोगावी जाऊन लोकांना भुजंगासन शिकवत होतो. आई कमरेत अशी वाकली होती की शेवटची नऊ वर्षं तिला पाठीवर सरळ निजता आलं नाही. हजारभर लोकांना शिकवलं असेल मी. तिला कधी विचारलं नाही, तुझं दुखतं काय."

निघताना भार्गवीनं त्यांच्या पायांना हात लावला तेव्हा ते एवढंच म्हणाले, "आधी बघून ये. मग शिकव."

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला ती बी ब्लॉकच्या जिन्यात उभी राहिली. तिला पाहताच यल्लव्वा घाबरली.

"काय चुकलं काय मॅडम माझं?"

"तुमचं नाही. आज मी तुमच्याबरोबर पुसणार आहे."

"नको वो! कुणी बघितलं तर मलाच बोलतील."

"बोलू देत. मला फक्त कळू दे."

पुसण्याच्या काठीचा दांडा कमरेइतकाही नव्हता, मोडलेल्या काठीलाच नवं फडकं बांधलेलं. बादलीला चाकं नव्हती. भार्गवीनं ती उचलली आणि लिफ्टकडे वळली.

"लिफ्टमध्ये न्यायला परवानगी न्हाई," यल्लव्वा म्हणाली. "पाणी सांडतंय म्हणून रूल केलाय."

तो रूल मागच्या वार्षिक सभेत एकमतानं झाला होता. त्या एकमतात भार्गवीचंही मत होतं.

बादली घेऊन ती जिन्यानं चढली. दुसऱ्या मजल्यापर्यंत पुसून होईतो तिच्या कमरेत ओळखीची कळ उमटली आणि ती भिंतीला टेकून उभी राहिली. वर अजून नऊ मजले होते. यल्लव्वानं तिच्या हातातून काठी काढून घेतली.

"तुमची पाठ आजारी पडली हुती न्हवं? बसा तुम्ही. मी करतो."

ते ऐकून भार्गवीला रडूच कोसळलं. आपलं आजारपण सगळ्या सोसायटीला ठाऊक होतं, हिलासुद्धा! आणि हिचं दुखणं? ते हिनं स्वतःच्या तोंडानं येऊन सांगितलं, तरी आपण ते हसण्यावारी नेलं.

"यल्लव्वा, माझं चुकलं," ती पायरीवर बसून म्हणाली. "त्या दिवशी मी तुम्हाला नीट उत्तर दिलं नाही."

यल्लव्वा फडकं पिळत म्हणाली, "असू द्या. तुम्ही काय वाईट बोलला न्हाई."

"वाईटच बोलले," भार्गवी म्हणाली.

पहिलं काम तिनं केलं ते यल्लव्वाला सरकारी दवाखान्यात न्यायचं. "मी डॉक्टर नाही," तिनं स्पष्ट सांगितलं. "दुखणं काय आहे ते आधी कळायला पाहिजे." डॉक्टरांनी तपासलं. नस दबलेली नव्हती, पण कमरेचे स्नायू थकून ताठरले होते. महिनाभर ओझं उचलू नका आणि रोज व्यायाम करा, असं त्यांनी लिहून दिलं. तो कागद घेऊन भार्गवी रविवारी क्लब हॉलमध्ये सोसायटीच्या कमिटीपुढे गेली. यल्लव्वाला काढू नका आणि सफाई करणाऱ्या बायकांसाठी हॉलमध्ये वर्ग घेऊ द्या, एवढंच तिनं मागितलं.

"मॅडम, तुमची भावना समजते," सुधींद्र राव म्हणाले. "पण ती आपली नोकर नाही. माणसं एजन्सीची, आपण फक्त सर्व्हिस घेतो."

"जिना तर आपला आहे ना, सर?"

कमिटीवरची नीलिमा म्हणाली, "भार्गवी, सगळं खरं गं. पण आता त्यांनाही योगा शिकवायचा, तोही क्लब हॉलमध्ये? तो मेंबर्ससाठी आहे. आणि दिवसभर वाकतातच की त्या!"

आपलंच वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना भार्गवीला कसंसंच झालं. वाद घालण्याऐवजी ती उठली, कोपऱ्यातली बादली आणि ती आखूड काठी घेऊन आली आणि सुधींद्र रावांपुढे ठेवली.

"सर, तुम्ही माझ्या वर्गात रोज येता. तीन महिन्यांत तुमची पाठ किती मोकळी झाली, हे तुम्हीच सगळ्यांना सांगता. एवढा अर्धा हॉल पुसून दाखवाल? फक्त अर्धा."

हॉलमध्ये हशा पिकला. राव मानी होते, पण खिलाडू. "सरी!" म्हणून त्यांनी शर्टाच्या बाह्या दुमडल्या. फरशांच्या पहिल्या दोन रांगा त्यांनी झपाट्यानं पुसल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. चौथ्या रांगेला त्यांचा एक हात गुडघ्यावर आला. सहाव्या रांगेला ते थांबले, सरळ व्हायला गेले, आणि मध्येच अडकले.

"अय्यो!"

दोघांनी धरून त्यांना खुर्चीत बसवलं. आता कुणी हसत नव्हतं. रावांनी घाम पुसला आणि काठीकडे बघत विचारलं, "रोज किती मजले करते ती?"

"अकरा. आणि दोन्ही जिने."

"ह्याच काठीनं?"

"ह्याच काठीनं. आणि बादली हातात घेऊन."

रावांनी वही उघडली. "लांब दांड्याचे मॉप मागवा. चाकांच्या बादल्या. लिफ्टचा तो रूल काढून टाका. पाणी सांडलं तर सांडलं, पुसता येतं! एजन्सीला मी कळवतो, बाई बदलायची नाही. महिनाभर तिला खालची हलकी कामं द्या." मग ते भार्गवीकडे वळले. "आणि हॉल दुपारी रिकामाच असतो. तुमचा वर्ग घ्या. पण त्यांच्या कामाच्या वेळात घ्या. दमून घरी जायच्या वेळेला कोण थांबणार?"

नीलिमानंही मग मान हलवली, थोडी उशिरा.

पहिल्या दुपारी नऊ जणी आल्या. निळ्या गणवेशाच्या साड्या, केसांना जाळी. निजायला कुणी तयार होईना; सुपरवायझरनं पाहिलं तर काय, ही धास्ती. शेवटी यल्लव्वा निजली, मग एकेक करून बाकीच्या. भार्गवीनं त्यांना डोळे मिटायला सांगितलं आणि पाचच मिनिटांत तिघी गाढ झोपी गेल्या. तिनं त्यांना उठवलं नाही. त्या दिवशीचा पाठ तोच होता.

या बायकांना शिकवताना भार्गवीला आपली वही बाजूला ठेवावी लागली. सकाळच्या वर्गाला जे उकिडवं बसणं महिनोन्महिने जमत नव्हतं, ते यांना लहानपणापासून येत होतं. यांना हवं होतं ते वेगळंच: बादली उचलताना श्वास कधी सोडायचा, पिळताना मनगट कसं ठेवायचं, वाकण्याआधी गुडघे कसे सैल करायचे, आणि दिवसातून चार वेळा मागं झुकून छाती कशी उघडायची. भार्गवीचं कन्नडही त्यांनीच सुधारलं. एकदा 'उसिरु', म्हणजे श्वास, म्हणायच्या ऐवजी ती 'हेसरु' म्हणाली, आणि सगळ्यांना गंभीरपणे सांगून बसली की हळूहळू आपलं नाव सोडून द्या! बायका पोट धरधरून हसल्या. तेव्हापासून सूचना द्यायचं काम यल्लव्वाकडे गेलं. मराठीत ऐकायचं आणि कन्नडमध्ये खणखणीत सांगायचं.

चमत्कार झाला नाही. यल्लव्वाची पाठ अजूनही कधीकधी दुखते. पण तिला कूस वळता येते, आणि दुखलं की ती दोन मिनिटं थांबते. जिन्यात ती भिंतीला हात लावून मागं झुकलेली दिसली, तर येणाराजाणारा बाजूनं जातो. "काम सोडून काय चाललंय?" असं आता कुणी विचारत नाही. आणि नीलिमा? ती एक दिवस दुपारच्या वर्गाला येऊन यल्लव्वाशेजारी बसली. म्हणाली, "तुमच्यासारखं उकिडवं बसायला मला शिकवा ना." यल्लव्वानं तिचे खांदे धरून तिला खाली बसवलं. दोघी दोनदा कलंडल्या, तिसऱ्यांदा जमलं.

चार महिन्यांनी, एका शुक्रवारी, आचार्य काही न कळवता बसनं हेब्बाळला आले. भार्गवीला कमिटीकडे पाच मिनिटांचं काम निघालं होतं, म्हणून वर्ग यल्लव्वा घेत होती. आता पंधरा जणी असायच्या. आचार्य मागच्या खुर्चीत बसले. हे कोण, ते यल्लव्वाला ठाऊक नव्हतं. कुणाचे तरी आजोबा असतील, असं तिला वाटलं. तिनं सगळ्यांना श्वास घ्यायला सांगितलं, रांगेतून फिरत आली आणि त्यांच्यापुढे थांबली.

"अज्जा, खांदे असे वर का उचलून धरलाय? सैल सोडा. आणि श्वास कोंडू नका."

भार्गवी नेमकी तेव्हाच दारात पोचली होती. तिनं जीभ चावली.

पण आचार्यांनी खांदे खाली सोडले, डोळे मिटले आणि एखाद्या शिष्यासारखे म्हणाले, "सरी, अक्का."

वर्ग संपेपर्यंत त्यांनी डोळे उघडले नाहीत. भार्गवी दारातच उभी राहून त्यांच्याकडे बघत होती. त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि चेहरा शांत होता.

प्रमाणपत्र भिंतीवर लावून भार्गवीला वर्ष होत आलं होतं. शिक्षिका मात्र ती या वर्गात झाली, असं ती स्वतःच सांगते.

वाचकहो, ही गोष्ट योगाची आहे, तितकीच ती आपल्या नजरेचीही आहे. आपली पाठ दुखली की ते दुखणं असतं, आणि राबणाऱ्याची पाठ दुखली की ती त्याची सवय असते, असं मानून आपण सगळे सुखानं जगत असतो. श्रम करणारा देहही देहच आहे. त्यालाही विसावा लागतो, उपचार लागतात, आणि कुणीतरी थांबून "दुखतंय का?" असं विचारावं लागतं. त्यासाठी कुणी योगशिक्षक व्हायला नको. आपल्या जिन्यातल्या काठीचा दांडा किती लांब आहे, एवढं उद्या सकाळी बघितलं तरी सुरुवात होईल!